हान्नेस श्नायडर : बर्फावरचे गुरुजी



आज ज्या माणसाची ओळख करून देणार आहे, ते आपल्या कुठल्या पाठ्यपुस्तकात नाहीत. टीव्हीवर तुम्ही बर्फाच्या उतारावरून पायाला लांब पट्ट्या लावून घसरत येणारी माणसं पाहिली असतील. त्या पट्ट्या म्हणजे स्की. मी स्वतः कधी स्की पायात घातलेली नाही. पण अगदी नवख्याला शिकवायचं कसं, हा प्रश्न तर तुमचा-माझा रोजचा आहे ना? हान्नेस श्नायडर यांनी तो बर्फावर सोडवला. म्हणून ते आपल्याच जातकुळीतले.

ऑस्ट्रियात आर्लबर्ग नावाचा डोंगरी घाट आहे. त्या घाटातल्या श्टुबेन या लहानशा गावात २४ जून १८९० रोजी हान्नेसचा जन्म झाला. गाव सुमारे १,४०० मीटर उंचीवर, हिवाळाभर बर्फात बुडालेलं. त्या काळी तिथल्या लोकांनाही स्कीचं नवलच होतं. व्हिक्टर सोम नावाचे एक हौशी स्कीपटू तिथे येत. छोटा हान्नेस त्यांना बघून, त्यांच्याकडून विचारून विचारून शिकला. पोरगा इतका तयार झाला की १९०७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, घाटापलीकडच्या सांक्त आन्तोन गावच्या हॉटेल पोस्टने पाहुण्यांना स्की शिकवायला त्याला कामावर ठेवलं.

आता इथे थोडं थांबू या. पाहुणे कसे असणार? शहरातून आलेले, बर्फावर पहिलं पाऊल टाकणारे, मनातून घाबरलेले. तेव्हा जी पद्धत चालायची तिच्यात शरीर ताठ ठेवून, एक स्की पुढे सरकवून, गुडघा वाकवून डौलदार वळण घ्यायचं. दिसायला छान, पण उतार तीव्र झाला की नवखा माणूस आडवा! श्नायडर स्वतः उतरताना अंग खाली झुकवून, वजन पुढे ठेवून उतरायचे. त्यामुळे तोल राहायचा आणि वेगातही वळता यायचं. त्यांनी आपली ही रीत सुटी सुटी करून पाहिली आणि तिचे टप्पे पाडले.

पहिला टप्पा कोणता असेल असं वाटतं? वेगाने जाणं? नाही. थांबणं! दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणायची, मागची बाजू फाकवायची. वरून पाहिलं तर घराच्या छपरासारखा आकार होतो. स्कीच्या आतल्या कडा बर्फाला घासतात आणि वेग कमी होतो. याला स्नोप्लाऊ म्हणतात, म्हणजे रस्त्यावरचं बर्फ बाजूला सारणारा नांगर. (हल्ली लहान मुलांना शिकवताना याला पिझ्झा म्हणतात, कारण आकार पिझ्झाच्या तुकड्यासारखा! मुलांना लगेच कळतं.) एकदा थांबता आलं की भीती निम्मी झाली. मग त्याच आकारात उजव्या पायावर जास्त भार दिला की माणूस डावीकडे वळतो, डाव्यावर दिला की उजवीकडे. पुढच्या टप्प्यात एकच स्की फाकवून वळण सुरू करायचं आणि शेवटी दोन्ही जुळवायच्या. असं करत करत वेगवान वळणापर्यंत.

आमच्या गावात पोहायला शिकवणारे दोन काका होते. एक पाठीला डबा बांधून, विहिरीच्या पायरीला धरून पाय मारायला लावायचे. दुसरे सरळ ढकलून द्यायचे. दोघांकडचीही पोरं शिकली, पण ढकललेल्यांपैकी काही पुन्हा विहिरीकडे फिरकली नाहीत. श्नायडर हे डबा बांधणारे काका होते, असं मला वाटतं.

पहिल्या महायुद्धात त्यांनी डोंगरी सैनिकांना स्की शिकवलं. मोठ्या संख्येने माणसं तयार करायची म्हणजे शिस्त हवीच. युद्धानंतर सांक्त आन्तोनला त्यांनी शाळा उभी केली, तीही तशीच शिस्तीची. विद्यार्थ्यांचे वयाप्रमाणे नाही, तर येतं किती त्याप्रमाणे गट. सगळे शिक्षक एकाच क्रमाने शिकवणार. आपण आज स्तरानुसार गट म्हणतो, ते हेच की! आर्नोल्ड फांक या दिग्दर्शकाच्या चित्रपटांतून त्यांचं नाव दूरवर गेलं आणि १९३० मध्ये ते जपानलाही जाऊन आले.

मग मार्च १९३८ उजाडला. हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि लगेच श्नायडर यांना अटक झाली. नाझींना त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी लपवला नव्हता. रुडॉल्फ गोम्पर्त्स या ज्यू वंशाच्या सहकाऱ्याशी त्यांची मैत्री होती. गावाला पर्यटकांच्या नकाशावर आणण्यात गोम्पर्त्स यांचा मोठा वाटा. श्नायडर यांना तुरुंगात टाकलं, नंतर जर्मनीतल्या गार्मिश इथे नजरेखाली ठेवलं. आयुष्य घालून उभी केलेली शाळा हातातून गेली.

सुटका झाली ती एका बँकवाल्यामुळे. हार्वी गिब्सन हे अमेरिकेतले मोठे बँकर. जर्मनीला दिलेल्या कर्जांच्या वाटाघाटींत ते होते, त्यामुळे जर्मन अधिकाऱ्यांकडे त्यांच्या शब्दाला वजन होतं. न्यू हॅम्पशायरमधल्या नॉर्थ कॉन्वे या आपल्या मूळ गावी ते स्कीचं केंद्र उभारत होते आणि तिथे त्यांना श्नायडर हवे होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये श्नायडर पत्नी आणि दोन मुलांसह रेल्वेने तिथे उतरले. गावातल्या शाळकरी मुलांनी स्कीच्या काठ्या उंच धरून कमान केली होती, तिच्याखालून हे कुटुंब चालत गेलं. गोम्पर्त्स मात्र सुटले नाहीत. १९४२ मध्ये नाझींनी त्यांना ठार मारलं.

श्नायडर तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. नवा देश, नवी भाषा. पण क्रॅनमोरच्या उतारावर नवखी माणसं तशीच घाबरलेली आणि पहिला धडा तोच, थांबायचा. मुलगा हर्बर्ट अमेरिकेच्या सैन्यात, दहाव्या माउंटन डिव्हिजनमध्ये, हिटलरच्या फौजांविरुद्ध लढला. १९५५ च्या एप्रिलमध्ये श्नायडर नॉर्थ कॉन्वे इथेच वारले. त्यांच्यामागे क्रॅनमोरची शाळा हर्बर्टने चालवली.