पाळीचे वेळापत्रक आखणारा शास्त्रज्ञ

आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी घेतल्यानंतर पाळी चार दिवस आधी आली किंवा आठवडाभर लांबली, की स्त्रीच्या जिवाची घालमेल सुरू होते. मळमळ, डोकेदुखी, मध्येच दिसणारा रक्तस्राव ही तक्रारही नेहमीचीच. संप्रेरकाची मोठी मात्रा एकदम शरीरात गेल्याने बीजोत्सर्ग पुढे ढकलला जातो आणि त्यामागोमाग पाळीचे गणितही बदलते. या तक्रारींचा इतिहास मात्र पन्नासच्या दशकापर्यंत मागे जातो, आणि त्याच्या केंद्रस्थानी आहेत डॉ. ग्रेगरी पिंकस.

पिंकस यांचा जन्म ९ एप्रिल १९०३ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या वुडबाइन या गावी झाला. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी वसविलेली ही शेतकऱ्यांची वसाहत. कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळवून सशांच्या प्रजननावर संशोधन करू लागले. सशाचे बीज शरीराबाहेर फलित केल्याचे त्यांनी १९३४ मध्ये जाहीर केले आणि वृत्तपत्रांनी त्यांना काचेच्या नळीत जीव घडविणारा राक्षसी शास्त्रज्ञ ठरविले. त्यानंतर हार्वर्डने त्यांना कायम केले नाही. याच काळात, १९३६ मध्ये, समागमानंतर इस्ट्रोजेन टोचल्यास सशांमध्ये गर्भधारणा रोखता येते, हेही त्यांनी एका सहकाऱ्यासोबत दाखवून दिले. नंतर घ्यावयाच्या गोळीचे बीज इथे होते. पण त्या वेळी त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

मित्र हडसन होगलंड यांनी त्यांना वुस्टर येथील क्लार्क विद्यापीठात बोलावून घेतले. पुढे १९४४ मध्ये दोघांनी मिळून स्वतंत्र संशोधन संस्था काढली. पैशाची चणचण कायमची.

ती दूर झाली दोन वृद्ध स्त्रियांमुळे. संततिनियमनाच्या चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर (नोव्हेंबर १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या कुटुंबनियोजन परिषदेमुळे त्यांचे नाव आपल्याकडेही परिचित झाले होते) यांना स्त्रीच्या स्वतःच्या हाती राहील असे साधन हवे होते. त्यांच्या मैत्रीण कॅथरिन मॅकॉर्मिक यांच्याकडे अमाप संपत्ती होती. जून १९५३ मध्ये मॅकॉर्मिक संस्थेत आल्या आणि चाळीस हजार डॉलरचा धनादेश देऊन गेल्या. पुढील काळात त्यांनी दिलेली रक्कम वीस लाख डॉलरच्या घरात जाते.

पिंकस यांचे सहकारी मिन चुए चँग यांनी प्रोजेस्टेरॉनमुळे प्राण्यांमध्ये बीजोत्सर्ग थांबतो, हे तपासून पाहिले. स्त्रियांवरील प्रयोगांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक यांची साथ मिळाली. मात्र संप्रेरक सतत घेतले की पाळी बंद होई आणि स्त्रियांना दिवस गेल्याचा भास होई. पिंकस यांनी तोडगा सुचविला: वीस दिवस गोळी, मग खंड. संप्रेरक थांबले की गर्भाशयाचे अस्तर गळून पडते आणि पाळीसारखा रक्तस्राव होतो. निसर्गाचे हे अनुकरण पुढे इतके रूढ झाले, की गोळी घेणाऱ्या बहुतेक स्त्रिया त्यालाच खरी पाळी समजू लागल्या.

मॅसॅच्युसेट्समध्ये गर्भनिरोधनावर कायद्याने बंदी असल्याने मोठी चाचणी १९५६ मध्ये पोर्तो रिकोतील रिओ पिएद्रास येथे गरीब वस्तीतील स्त्रियांवर सुरू झाली. दिवस जाऊ नयेत यासाठी त्या उत्सुक होत्या. आपण प्रयोगाचा भाग आहोत याची पुरेशी कल्पना मात्र त्यांना दिली गेली नव्हती. गोळीतील मात्रा दहा मिलिग्रॅम, आजच्या मानाने प्रचंड. चाचणीची जबाबदारी असलेल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळविले की गोळी गर्भ रोखते यात शंका नाही, परंतु १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, पोटदुखी, उलट्या होत आहेत आणि एवढा त्रास स्वीकारण्याजोगा नाही.

पिंकस यांना हे पटले नाही. त्रास बव्हंशी मनाचा आहे, असे त्यांचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी काही स्त्रियांना औषध नसलेल्या गोळ्या देऊन त्रासाची सूचना केली, आणि त्यांनीही तक्रारी केल्या! मात्रा कमी करून पाहण्याचा साधा मार्ग तेव्हा बाजूला राहिला. एवढ्या काटेकोर संशोधकाने स्त्रियांचे म्हणणे इतक्या सहज मोडीत काढावे, ही त्यांच्या कारकिर्दीतील मोठी उणीव म्हणावी लागेल.

रक्तस्रावाच्या तक्रारीचे उत्तर तर योगायोगाने सापडले. सुरुवातीच्या गोळ्यांत मेस्ट्रॅनॉल या इस्ट्रोजेनची भेसळ नकळत झाली होती. ती काढून गोळी शुद्ध केली, तर मधल्या दिवसांतील रक्तस्राव वाढला. तेव्हा ती भेसळच मुद्दाम घटक म्हणून परत घालण्यात आली.

‘एनोव्हिड’ला १९५७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली ती पाळीच्या विकारांवरील औषध म्हणून. त्यानंतर पाळीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या स्त्रियांची संख्या एकाएकी का वाढली, हे डॉक्टरांना सांगायची गरज नव्हती. गर्भनिरोधक म्हणून मान्यता १९६० मध्ये आली. लगेच १९६१ मध्ये ब्रिटनमधून गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या रक्तात गुठळी झाल्याचे वृत्त आले. पिंकस अखेरपर्यंत देशोदेशी फिरून गोळीची बाजू मांडत राहिले. रक्ताच्या विकाराने २२ ऑगस्ट १९६७ रोजी बोस्टन येथे त्यांचे निधन झाले. मॅकॉर्मिक यांचेही त्याच वर्षी डिसेंबरात निधन झाले.

गोळीच्या दुष्परिणामांवर अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली ती १९७० मध्ये. साक्षीला एकही गोळी घेणारी स्त्री बोलावलेली नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्या तरुणींनी उभे राहून त्याचा जाब विचारला. त्यानंतर गोळ्यांच्या पाकिटात धोक्यांची माहिती देणारा कागद आला आणि पुढील गोळ्यांतील संप्रेरकाची मात्राही उतरत गेली.