मांसाच्या बिस्किटांनी दिवाळं काढलं, पण याच माणसामुळे घरच्या केकमध्ये कंडेन्स्ड मिल्क आलं

घरी ओव्हन नाही, अंडं चालत नाही, तरी केक करायचा आहे. मग काय करतात? कुकरच्या तळाशी मीठ किंवा वाळू पसरतात, शिट्टी आणि रिंग काढून ठेवतात आणि मैदा, लोणी, सोडा यांच्या मिश्रणात कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा रिकामा करतात. अर्ध्यापाऊण तासात केक तयार.

नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात तर या डब्यातल्या दोन्ही गोष्टी घरच्याच. कुकडी आणि घोड नदीच्या पाण्यावर चारा आणि ऊस दोन्ही पिकतात. गावोगावी दूध संकलन केंद्रं आहेत, मंचरला गोवर्धनची मोठी डेअरी आहे. साखरेसाठी जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावला भीमाशंकर कारखाना. दूध अधिक साखर म्हणजेच कंडेन्स्ड मिल्क.

पण दूध आणि साखर एकत्र करून डब्यात भरायचा धंदा उभा केला तो हजारो मैलांवरच्या एका माणसाने. त्याचं नाव गेल बॉर्डेन. आणि हे जमेपर्यंत तो पन्नाशी ओलांडून कर्जबाजारी झाला होता.

शाळा दीड-दोन वर्षं, उद्योग मात्र डझनभर

बॉर्डेनचा जन्म ९ नोव्हेंबर १८०१ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात नॉर्विच इथला. घर शेतकऱ्याचं. शाळा झाली ती जेमतेम दीड-दोन वर्षं. पण तेवढ्या शिक्षणावर तो जमीन मोजायला शिकला, काही काळ मास्तरकीही केली आणि १८२९ मध्ये टेक्सासला येऊन पोहोचला.

तेव्हा टेक्सास मेक्सिकोच्या ताब्यात होतं. १८३५ मध्ये तिथे बंड पेटलं आणि त्याच वर्षी बॉर्डेनने भाऊ आणि एका भागीदाराबरोबर वर्तमानपत्र काढलं. पुढच्या वर्षी मेक्सिकोच्या सैन्याने त्यांचा छापखाना उचलून पाण्यात फेकला. पठ्ठ्याने पुन्हा उभा केला. नंतर ह्यूस्टन आणि गॅल्व्हेस्टन या शहरांच्या आखणीतही त्याचा हात होता. गॅल्व्हेस्टन बंदरावर तो जकात अधिकारी झाला.

म्हणजे सगळं बरं चाललं होतं. पण १८४४ मध्ये पीतज्वराने त्याची बायको पेनेलोपी गेली. त्यानंतर हा माणूस नवनवीन शोधांच्या मागे लागला, असं दिसतं.

त्याने जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालेल अशी शिडाची गाडी बनवली. पाहुण्यांना बसवून ती समुद्रात नेली तेव्हा ती उलटली, असं सांगतात.

मग आलं मांसाचं बिस्कीट. गोमांस उकळून त्याचा अर्क काढायचा, तो पिठात मळायचा आणि भाजायचा. लांबच्या प्रवासाला निघालेल्या लोकांना आणि सैन्याला टिकाऊ अन्न मिळावं, ही कल्पना. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याला मानाचं पदकही मिळालं. बॉर्डेनने होता नव्हता तो पैसा यात ओतला. पण अमेरिकी सैन्याने चव घेतली आणि बिस्कीट नाकारलं. पदक हातात राहिलं, पैसा बुडाला.

बोटीवरची ती गोष्ट

आता कंडेन्स्ड मिल्कची गोष्ट सुरू होते. लंडनहून परतताना बोटीवर लहान मुलांच्या दुधासाठी गाई ठेवल्या होत्या. वादळात त्या आजारी पडल्या, दूध बिघडलं आणि काही मुलं दगावली. ते पाहून बॉर्डेनने टिकणारं दूध बनवायचं ठरवलं, अशी ही कथा आहे. ती त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं सांगितली जाते. त्यातलं खरं किती आणि रंगवलेलं किती हे बाजूला ठेवू. दूध टिकवायचा ध्यास त्याने याच सुमाराला घेतला, हे मात्र खरं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? दूध आटवायचं आणि साखर घालायची. बासुंदी आपण कधीपासून करतो.

बॉर्डेननेही आधी तेच केलं. पण उघड्या भांड्यात दूध शंभर अंशांच्या आसपास उकळतं. ते तळाला लागतं, रंग बदलतो, वास बदलतो. बासुंदीत आणि खव्यात आपल्याला तीच चव हवी असते. बॉर्डेनला मात्र ताज्या दुधाच्या जवळ जाणारं काहीतरी हवं होतं.

उपाय सापडला न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू लेबनॉन इथे. तिथे शेकर नावाच्या पंथाचे लोक राहायचे. ते बंद भांड्यातली हवा काढून त्यात वनस्पतींचे अर्क आणि रस आटवायचे. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं. त्यामुळे दूध साठ अंशांच्या आसपासही आटवता येतं आणि करपत नाही.

१८५३ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. तो नाकारला गेला, तोही एकदा नव्हे, अनेकदा. कारण दूध आटवून टिकवायचे प्रयोग फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये आधीच झाले होते, मग यात नवीन काय? शेवटी जाणकारांच्या साक्षी जोडल्यावर ऑगस्ट १८५६ मध्ये पेटंट मिळालं.

पेटंट मिळालं तरी पहिला कारखाना चालला नाही. दुसराही रखडला. मग रेल्वेच्या प्रवासात त्याची जेरेमाया मिलबँक या सावकाराशी गाठ पडली. त्याने पैसा लावला आणि न्यूयॉर्क कंडेन्स्ड मिल्क कंपनी उभी राहिली.

खरी कमाल गोठ्यात होती

तेव्हा न्यूयॉर्क शहरातलं दूध भयानक होतं. दारूच्या भट्ट्यांशेजारी गाई कोंडून त्यांना भट्टीचा चोथा खायला घालायचे. त्या रोगट गाईंच्या पातळ दुधात खडू आणि पीठ मिसळायचे. १८५८ मध्ये एका साप्ताहिकाने हा प्रकार चव्हाट्यावर आणला. हे दूध पिऊन लहान मुलं मरत होती.

अशा वेळी बॉर्डेनच्या दुधावर लोकांचा विश्वास बसला. त्याचं एक कारण म्हणजे त्याची शिस्त. दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांना त्याने नियम घालून दिले होते. धार काढण्याआधी कास कोमट पाण्याने धुवायची. गोठा स्वच्छ हवा. भांडी आणि गाळण्या रोज उकळत्या पाण्याने साफ हव्यात. नुकत्याच व्यायलेल्या गाईचं, म्हणजे चिकाचं दूध चालणार नाही. नियम मोडला की दूध परत.

जंतूंमुळे दूध नासतं हे लुई पाश्चरचं काम तेव्हा जगाला माहीत व्हायचं होतं. बॉर्डेनला वाटायचं की सगळी करामत हवा काढलेल्या भांड्याची आहे. प्रत्यक्षात स्वच्छतेने जंतू कमी व्हायचे आणि उष्णतेने बरेचसे मरायचे. पुढे डब्यात साखर घालू लागल्यावर ती उरलेलं पाणी धरून ठेवायची, त्यामुळे जंतूंना वाढायला पाणीच मिळायचं नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि उत्तरेच्या सैन्याकडून डब्यांची प्रचंड मागणी आली. बॉर्डेनचा एक मुलगा उत्तरेकडून लढला आणि दुसरा दक्षिणेकडून. युद्ध संपल्यावर सैनिक घरी गेले, ते या डब्याची चव घेऊनच.

११ जानेवारी १८७४ ला टेक्सासमध्ये बॉर्डेन वारला. न्यूयॉर्कच्या वुडलॉन स्मशानभूमीतल्या त्याच्या थडग्यावर पुन्हा पुन्हा हरून शेवटी जिंकल्याचंच लिहिलं आहे. टेक्सासमधल्या एका जिल्ह्याला त्याचं आडनाव आणि त्या जिल्ह्याच्या मुख्य गावाला त्याचं नाव आहे.

भारतात आणि आपल्या कुकरमध्ये

बॉर्डेनचं पाहून पेज नावाच्या दोन अमेरिकी भावांनी १८६६ मध्ये स्वित्झर्लंडला असाच कारखाना काढला. मिल्कमेड हे त्यांचंच नाव. १९०५ मध्ये ही कंपनी नेस्लेत विलीन झाली आणि १९१२ पासून नेस्लेचा माल भारतात येऊ लागला. पुढे अमूलचं मिठाईमेटही आलं.

या डब्यात किमान ४० टक्के साखर आणि ३१ टक्के दुधाचे घन पदार्थ असावे लागतात. अंड्याशिवाय केक जमतो तो यामुळेच. दुधातली प्रथिनं मिश्रण धरून ठेवतात, साखर ओलावा टिकवते आणि दोन्ही मिळून केकला तपकिरी रंग देतात. घरी दूध आणि साखर आटवूनही हे करता येतं, फक्त त्याला थोडी बासुंदीची चव येते आणि ते फ्रिजमध्ये ठेवून चारपाच दिवसांत संपवावं लागतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हे दूध तान्ह्या बाळाला पाजायचं नाही. साय काढलेल्या दुधाचे स्वस्त डबे बाजारात आल्यावर इंग्लंडमध्ये गरीब आयांनी ते बाळांना पाजले आणि मुलांची हाडं मऊ पडली. त्यात साखर भरपूर होती, पण वाढीला लागणारी स्निग्धता आणि जीवनसत्त्वं नव्हती. मुलांच्या काळजीपोटी जन्मल्याचं सांगितलं जाणारं हे दूध बाळांसाठी नाही, केकसाठी आहे.

आणि त्या केकची चव गोठ्यापासूनच ठरते. सकाळी जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या केंद्रावर किटली रिकामी होते, तेव्हा दुधाचं फॅट लावतात आणि वासही तपासतात. कास धुतली होती का, भांडं घासलं होतं का, हे तिथेच कळतं. दीडशे वर्षांपूर्वी बॉर्डेनही दूध घालणाऱ्यांना हेच विचारायचा.