औंढ्याचे शिखर आणि खासगीचा पैसा

औंढा नागनाथाच्या मंदिराची दोन वये लांबूनही ओळखू येतात. खाली काळ्या पाषाणाचे, शिल्पांनी गजबजलेले यादवकालीन काम आणि वर साधे, पांढरे शिखर. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत औंढा परभणी जिल्ह्यातच होते. या जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरेने अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. मात्र हा मुलूख त्यांचा नव्हता, निजामाचा होता, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्ये चौंडी येथे झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव. त्यानंतर १७९५ मध्ये देहावसान होईपर्यंत त्यांनी महेश्वरी राहून राज्यकारभार पाहिला. फौजेची धुरा तुकोजी होळकरांकडे होती.

काशी, गया, सोमनाथ येथील त्यांच्या बांधकामांची यादी सर्वांना पाठ असते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यामागील हिशेबाची शिस्त. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर दिली होती. ती वारशाने अहिल्याबाईंकडे आली. दौलतीचा वसूल फौजेसाठी व कारभारासाठी. दानधर्म मात्र खासगीतून, असा त्यांचा दंडक होता. शिवाय बांधून मोकळे होणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पूजाअर्चा, अन्नछत्रे, गंगोदक यांसाठी त्यांनी वार्षिक नेमणुका लावून दिल्या.

जुन्या शिल्पकामावर नवे शिखर चढविणे आजच्या पुरातत्त्वशास्त्राला रुचणार नाही. हा आक्षेप रास्तच आहे. परंतु वास्तू वापरात राहिली, तरच तिची निगा राहते, हे त्यांनी जाणले होते.

२०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली; एका जिल्ह्यालाही त्यांचे नाव मिळाले. नामकरणास खर्च थोडा येतो. आपल्या जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातील चारठाणा आणि गंगाखेड तालुक्यातील धारासूर येथील प्राचीन मंदिरांना हवी आहे ती दरवर्षीची नेमणूक. एकदाच मिळालेल्या अनुदानाने दगड बसतो. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या सांध्यात उगवणारे पिंपळाचे रोप उपटण्यासाठी मात्र कायमची तरतूद लागते. परक्या मुलुखातील देवळासाठी स्वतःची थैली सोडणाऱ्या बाईचे स्मरण आपल्याच गावच्या देवळाची तरतूद न करता करणे, हे काही स्मरण नव्हे.