सायकलीपासून नांगरापर्यंत

मोटारसायकलला नवे हँडल आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला की गाडी आपली झाली, असे आम्हा मुलांना वाटते. मला अशा वेळी लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात.

त्यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. घरात मराठी, गावात कन्नड. चित्रकलेसाठी ते मुंबईस गेले, पण रंग ओळखण्यात दोष निघाला. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकून ते शिक्षक झाले. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावास आले. तेथे भाऊ रामूअण्णांबरोबर १८८८ साली सुरू केलेले सायकलीचे दुकान होतेच. सायकली विकता-दुरुस्त करता पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार झाला.

लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली!

मी सावरगावचा, पांढुर्ण्यासमोर जाम नदीपलीकडचा. इथे शिकायला आलेला. आमच्याकडेही शेजाऱ्याच्या वावरात चाललेले पाहिल्याशिवाय नवे अवजार कोणी घेत नाही. वाणिज्याच्या पुस्तकात भांडवलावर प्रकरण आहे. या दोन वर्षांच्या धीरावर नाही.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या कुंडल रोडजवळच्या उजाड माळावर कारखाना उभा राहिला, तीच किर्लोस्करवाडी. १९५६ साली लक्ष्मणराव वारले.

मित्रहो, गाडी हौसेने जरूर सजवा. पण एखाद्या रविवारी तिचे इंजिनही उघडून पाहा.