शिलालेखांचे वाटसरू : पंडित भगवानलाल इंद्रजी

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे फाटक ओलांडले की कान्हेरीपर्यंतचा रस्ता दाट झाडीतून चढत जातो. निवासी शाळेची मुले सहलीला तेथे जातात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बिबट्याविषयी असतो, दुसरा माकडांविषयी. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील उंच चैत्यगृहापाशी पोहोचल्यावर मात्र कुणीतरी एखादा विद्यार्थी भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवतो आणि विचारतो, हे वाचले कोणी? या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे थोडे विस्ताराने उत्तर द्यावे, असे आम्हांला वाटले.

ब्राह्मी लिपीचे कोडे जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली कलकत्त्यात सोडवले, हे पाठ्यपुस्तकात असतेच. पण लिपी कळणे वेगळे आणि पश्चिम भारतातील डोंगर-कपारींत विखुरलेले शेकडो लेख जागेवर जाऊन, अक्षर अक्षर तपासून उतरवून घेणे वेगळे. हे दुसरे काम ज्यांनी आयुष्यभर केले त्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे स्थान फार वरचे आहे. आपल्या वस्तीतील विहारांत त्यांची तसबीर दिसत नाही. ते जन्माने नागर ब्राह्मण होते, धम्माची दीक्षा त्यांनी घेतलेली नव्हती. तरीही महाराष्ट्रातील बौद्ध वारशाचा जो लेखी पुरावा आज आपण अभिमानाने सांगतो, त्यातील फार मोठा भाग त्यांच्या हातून गेलेला आहे.

त्यांचा जन्म १८३९ साली जुनागढ येथे, संस्कृत विद्येची आणि वैद्यकीची परंपरा असलेल्या घराण्यात झाला. गावाबाहेर गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर सम्राट अशोकाचे चौदा आदेश, क्षत्रप रुद्रदामनाचा लेख आणि गुप्तकाळातील स्कंदगुप्ताचा लेख असे तीन काळांचे लेखन एकाच दगडावर आहे. गावातली मुले त्या शिळेजवळून रोज जात असतील. या एका मुलाला मात्र ती स्वस्थ बसू देईना. प्रिन्सेप यांनी तयार केलेला अक्षरांचा तक्ता एका इंग्रज अधिकाऱ्याकडून त्याच्या हाती आला आणि त्या आधारे तो दगडापुढे बसून स्वतःच शिकू लागला. इंग्रजी शिक्षण त्याला जवळजवळ नव्हते. पुढेही ते आपले लेखन बहुधा गुजरातीतच करीत, आणि बूलर यांच्यासारखे विद्वान ते इंग्रजीत आणीत. परभाषेच्या धाकाने मागे हटणाऱ्या आमच्या मुलांना हा तपशील आम्ही मुद्दाम सांगतो.

अलेक्झांडर किन्लॉक फॉर्ब्स यांच्या शिफारशीने १८६१ च्या सुमारास भगवानलाल मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले. भाऊ दाजी मोठे वैद्य, लोकहितकर्ते आणि इतिहाससंशोधक. पण दवाखाना आणि सार्वजनिक कामे यांतून त्यांना रानोमाळ फिरण्यास सवड कोठून असणार? ते फिरणे या तरुण पंडिताच्या वाट्याला आले. अजिंठा, नाशिक, कार्ले, नाणेघाट, कान्हेरी येथील लेखांच्या नकला करून आणायच्या, भाऊंबरोबर बसून त्यांचा अर्थ लावायचा, आणि मग भाऊंनी त्यावरील निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत वाचायचा, असा क्रम सुमारे तेरा वर्षे चालला. निबंधावर नाव भाऊंचे असे. त्यात भाऊंचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. मजुरी व प्रवासखर्च त्यांनी उचलला, आणि जाणत्या माणसाची पारख केली ती त्यांनीच. तरी उन्हात उभे राहून दगड वाचणारा एक आणि सभेत टाळ्या घेणारा दुसरा, ही विभागणी जुनी आहे, एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही.

हे काम कसे चालत असे, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. पावसाळ्यात डोंगरात जाता येत नाही. पायवाटा बुजतात, लेण्यांत पाणी झिरपते. म्हणून पाऊस सरला की निघायचे आणि पुढच्या पावसाच्या आत परतायचे, असा हा हंगामी उद्योग होता. लेख सापडला की प्रथम दगडावरचे शेवाळ, माती आणि वटवाघळांची घाण हळुवारपणे काढायची. ठसा घ्यायचा तर कागद ओला करून दगडावर पसरायचा आणि कुंचल्याने ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा. जेथे दगड झिजला आहे तेथे ठसाही फसवतो. मग सकाळच्या तिरप्या उन्हात एकदा व संध्याकाळच्या उन्हात पुन्हा एकदा पाहून, सावली कोठे पडते त्यावरून अक्षर ठरवायचे आणि हाताने नक्कल करायची. एखादी वेलांटी चुकली तर माणसाचे नाव बदलते, गावाचे नाव बदलते. भगवानलालांच्या नकलांची ख्याती अशी होती की मोठमोठे युरोपीय पंडितही त्या प्रमाण मानून पुढे जात.

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी एकाच डोंगरात कोरलेली आहेत. तेथील लेख वाचताना राजांपेक्षा साधी माणसेच जास्त भेटतात. कल्याणचा एक सोनार भिक्खुसंघाला पाण्याची पोढी दान देतो. व्यापारी आहेत, गृहस्थ आहेत, भिक्खुणी आहेत. कुणी लेणे दिले, कुणी आसन, कुणी वाट बांधून दिली, कुणी संघाच्या वस्त्रांसाठी कायम ठेव ठेवली. डोंगरात पाणी साठवण्याची जी व्यवस्था आजही पाहून थक्क व्हायला होते, तिच्या मागे अशा हातांची दाने आहेत. ठाणे जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरसाठी कान्हेरीचे वर्णन तयार करताना या डोंगरावरील लेणी पंडितांनी बारकाईने पाहिली होती.

येथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. भगवानलालांच्या जन्माच्याच वर्षी, १८३९ मध्ये, डॉ. जेम्स बर्ड यांनी कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहापुढील स्तूप उघडला होता. आत तांब्याची भांडी, रक्षा, सोन्याची लहान डबी आणि त्रैकूटकांच्या २४५ व्या वर्षाचा ताम्रपट मिळाला. तो मूळ ताम्रपट आज उपलब्ध नाही. त्याची छापलेली नक्कल तेवढी उरली. वस्तू सापडली आणि हातातून गेली, असे हे दुर्दैव. भगवानलालांचे मोठेपण याच्याशेजारी ठेवून पाहिले म्हणजे नीट कळते.

१८७४ मध्ये भाऊ दाजी निवर्तले. त्यानंतर भगवानलाल स्वतःच्या नावाने लिहू लागले. राजपुताना, मथुरा, नेपाळ, ओडिशा असा त्यांचा प्रवास आधीपासूनच झालेला होता. मथुरेत १८६९ साली शीतलामातेच्या एका लहान ठाण्याच्या पायऱ्यांत बसवलेले सिंहशीर्ष त्यांना दिसले. त्यावरच्या खरोष्ठी लेखात बुद्धाच्या धातूंची व सर्वास्तिवादी भिक्खूंची नोंद निघाली. नाणेघाटातील अंकचिन्हांच्या आधारे प्राचीन अंकांचा छडा त्यांनी लावला. नेपाळातील तेवीस लेख त्यांनी बूलर यांच्यासह प्रसिद्ध केले. खारवेल राजाच्या हाथीगुंफा लेखावरील त्यांचा निबंध १८८३ च्या लायडन येथील प्राच्यविद्या परिषदेच्या ग्रंथात आला, आणि लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्याने शाळेत इंग्रजी शिकली नव्हती त्याच्या नावापुढे हॉलंडमधून डॉक्टर ही पदवी आली!

पण आपल्या समाजाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा महिना म्हणजे १८८२ चा एप्रिल. वसईच्या उत्तरेस सोपारा हे गाव. पाली आणि संस्कृत बौद्ध वाङ्मयात सुप्पारक किंवा शूर्पारक म्हणून येणारे बंदर ते हेच. पुण्ण स्थविर याच किनाऱ्याच्या प्रदेशात धम्म घेऊन आले, अशी आपली परंपरा सांगते. गावाजवळ एक मोठा टेकाडवजा ढिगारा होता. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. टोपल्या विणणाऱ्या जातीचा राजा लोकांच्या आठवणीत कोठून आला असेल, याचे आम्हांला राहून राहून नवल वाटते. कोट मात्र तो नव्हता. ढिगाऱ्याचा घाट पाहून हा स्तूप असावा असे पंडितांनी ओळखले, आणि उत्खनन सुरू झाले.

मधोमध खणत गेल्यावर विटांच्या कोठडीत दगडाची एक मोठी गोल पेटी लागली. झाकण उचलले तेव्हा मध्यभागी तांब्याचा करंडक होता आणि त्याच्याभोवती ब्राँझच्या आठ लहान मूर्ती वर्तुळात बसवलेल्या होत्या : गौतमासह सात बुद्ध आणि भावी बुद्ध मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा, असे करंडक निघाले. सोन्याची बारीक फुले निघाली. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे लहान तुकडे होते. तथागतांच्या भिक्षापात्राचे ते अवशेष म्हणून जपले गेले असावेत, असे अनुमान पंडितांनी केले. राजे-महाराजांनी सोन्याच्या आत सोने ठेवावे, ते समजते. येथे पाच आवरणांच्या आत जपले होते ते फुटके मातीचे खापर.

सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते, त्यावरून करंडकांचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाकडे जातो. याच राजाचे नाव कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहातील लेखात आहे. मूर्ती मात्र घडणीवरून कित्येक शतके नंतरच्या ठरतात. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी श्रद्धेने स्तूप उघडून, मूर्ती ठेवून, पुन्हा बंद केला होता. कोणती वस्तू कोठे, कोणत्या क्रमाने, कोणत्या दिशेला तोंड करून होती, हे पंडितांनी टिपून ठेवले म्हणूनच हा उलगडा होऊ शकला. ढिगारा उपसणाऱ्या मजुरांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत येत नाहीत. माती त्यांनीच वाहिली होती.

त्याच सुमारास सोपाऱ्यात त्यांना अशोकाच्या आठव्या आदेशाचा एक तुकडा मिळाला. शिकारीच्या सहली सोडून सम्राटाने बोधगयेपासून धम्मयात्रा सुरू केल्या, त्याचे वर्णन ज्यात आहे तोच हा आदेश. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशोकाची अक्षरे होती, हे प्रथम अशा रीतीने सिद्ध झाले. सोपारा आणि गोरेगावजवळची पडण टेकडी यांवरचा त्यांचा प्रबंध लगोलग प्रसिद्ध झाला.

पुढची वर्षे थोडीच होती. १६ मार्च १८८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय पन्नासही पुरे नव्हते. गुजरातच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचे काम अपुरे राहिले, ते जॅक्सन यांनी पुरे करून १८९६ मध्ये मुंबई गॅझेटियरमध्ये छापले गेले. मृत्युपत्राने नाणी व मथुरेचे सिंहशीर्ष ब्रिटिश म्युझियमला गेले. ते येथेच राहिले असते तर, हा विचार मनात येतोच. सोपाऱ्याचे करंडक व मूर्ती मात्र मुंबईतच, टाउन हॉलच्या पायऱ्या चढून गेल्यावर लागणाऱ्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात राहिले, आणि आठव्या आदेशाचा तुकडा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

सोपाऱ्याजवळच्या भुईगाव येथे अशोकाच्या नवव्या आदेशाचा तुकडा मिळाला तो पंडितांच्या मागे अडुसष्ट वर्षांनी, १९५६ साली. बुद्धपौर्णिमेला नालासोपाऱ्याच्या स्तूपावर आता मोठी गर्दी असते, आणि आमचे माजी विद्यार्थी आपल्या मुलांना घेऊन तेथे येतात.