अनाथांचे डॉक्टर यानुश कोर्चाक

आपल्यापैकी पुष्कळांनी यरुशलेमचे याद वाशेम पाहिले आहे. तेथल्या एका चौकात मुलांच्या घोळक्याला कवेत घेतलेल्या एका माणसाचे शिल्प आहे. आपली मंडळी त्यापुढे उभी राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. हा माणूस कोण, असे नातवंडांनी विचारले तर सांगता यावे, म्हणून ही हकिगत आम्ही येथे देत आहोत.

त्यांचे खरे नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म वॉर्सा शहरात २२ जुलैचा. साल १८७८ की १८७९ हे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हते, कारण वकील असलेल्या वडिलांनी नोंद वेळेवर केली नाही. (असे घोटाळे आपल्या घरांत थोडे का आहेत!) वडिलांना वेडाचा आजार जडला व १८९६ साली ते वारले. हेन्रिक शिकवण्या करून घराला हातभार लावू लागले. वैद्यकी शिकत असताना ते वॉर्साच्या गरीब वस्त्यांतून हिंडत. भीक मागणारी, चोरीला लागलेली, घरदार नसलेली मुले त्यांनी तेथे पाहिली आणि १९०१ साली त्यांच्यावर एक कादंबरी लिहिली. यानुश कोर्चाक हे लेखनासाठी घेतलेले टोपणनाव. पुढे तेच कायम झाले.

१९०५ साली ते डॉक्टर झाले. मुलांच्या इस्पितळात नोकरी मिळाली, नाव झाले, श्रीमंत घरांतून बोलावणी येऊ लागली. पण औषधाने बरे झालेले मूल पुन्हा त्याच उपासमारीत जाते, हे त्यांना सोसेना. १९१२ साली क्रोखमाल्ना रस्त्यावर यहुदी अनाथ मुलांसाठी नवी इमारत उभी राहिली आणि ते तिचे प्रमुख झाले. स्तेफानिया विल्चिन्स्का या बाई शेवटपर्यंत त्यांच्या जोडीला होत्या. आमच्या मते निम्मे श्रेय त्यांचे आहे, पण पुतळे एकाचेच होतात.

त्या घरात मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. पाच न्यायाधीश, पाचही मुलेच. ज्यांच्यावर त्या आठवड्यात खटला नाही, त्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले. कायद्याची पहिली ९९ कलमे माफीची, शिक्षा त्यापुढे. मूल शिक्षकावरही फिर्याद करू शके. खुद्द डॉक्टरांवर सहा महिन्यांत पाच वेळा खटला झाला आणि ते मुलांपुढे मुकाट्याने उभे राहिले. आमच्या पिढीला छडीशिवाय शाळा ठाऊक नव्हती. आम्हांला हे वाचून प्रथम हसू आले. पण विचार केला तेव्हा पटले. ज्या मुलाला आजवर कोणीही मारावे, कोणीही राबवावे, त्याला आपले गाऱ्हाणे ऐकले जाते हे कळले, की ते पुढे कोणाचा अन्याय गुपचूप सोसत नाही.

१९२६ साली त्यांनी मुलांनीच लिहिलेले वृत्तपत्र सुरू केले. बालगुन्हेगारांच्या न्यायालयात ते तज्ज्ञ म्हणून जात. १९२४ सालच्या जिनिव्हाच्या बालहक्क जाहीरनाम्यावर त्यांची तक्रार होती, की त्यात मोठ्यांच्या दयेला विनंती केली आहे. मुलाचा हक्क म्हणून मागणी केलेली नाही. एक उणीव मात्र राहिली. चौदाव्या वर्षी मुलांना ते घर सोडावे लागे आणि बाहेरचे जग त्या न्यायालयासारखे नव्हते.

१९३४ व १९३६ साली ते एरेत्झ इस्राएलला आले, एन हारोद किबुत्झमध्ये राहिले. स्तेफाबाई तर १९३८ साली तेथे राहायलाच आल्या होत्या. लढाईचे ढग दिसताच १९३९ साली त्या मुलांकडे परत गेल्या.

१९४० साली अनाथाश्रमाला गेटोत हलवले. वाटेत बटाट्यांची गाडी जर्मनांनी काढून घेतली. डॉक्टर जाब विचारायला गेले, हातावर यहुद्यांची पट्टी न बांधता. त्यांना तुरुंगात टाकले. सुटल्यावर रोज दारोदार फिरून ते अन्न मागत. १९४२ साली तर गेटोतल्या दुसऱ्या एका आश्रमाचे कामही त्यांनी मागून घेतले. तेथे सुमारे १,००० मुले भुकेने मरत होती.

१८ जुलै १९४२ रोजी त्यांच्या मुलांनी नाटक केले. कोणते, तर आपल्या भारतातल्या रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’! दत्तक आलेला आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो, ते नाटक. मुलांना मृत्यूची भीती वाटू नये म्हणून ते निवडले, असे सांगतात. चारच दिवसांनी गेटोतून लोकांना नेणे सुरू झाले. बाहेरच्या पोलिश मित्रांनी त्यांच्या सुटकेची सोय केली होती. त्यांनी नकार दिला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे २०० मुलांना रांगेत घेऊन डॉक्टर व स्तेफाबाई आगगाडीपर्यंत चालत गेले. ती गाडी ट्रेब्लिंकाला गेली.

बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराची सूचना पोलंडने १९७८ साली मांडली. तो १९८९ साली संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला आणि तेथे शब्द हक्काचाच आहे.

ट्रेब्लिंकाला आज हजारो दगड उभे आहेत. पुष्कळांवर मारलेल्या लोकांच्या गावांची नावे कोरलेली आहेत. माणसाचे नाव एकाच दगडावर आहे, कोर्चाकांचे, आणि त्याखाली मुलांचा उल्लेख आहे.