थिओडोसियस डॉब्झान्स्की

फळमाशीसारख्या क्षुद्र जीवानें ज्यांस जगांत मान्यता मिळवून दिली, त्यांत थिओडोसियस डॉब्झान्स्की यांची गणना होते. त्यांचा जन्म ता. २५ जानेवारी १९०० रोजीं युक्रेनमधील नेमिरोव्ह या गांवीं झाला. युक्रेन त्या वेळीं रशियन साम्राज्यांत होतें. आईबापांनीं चेर्निगोव्हच्या संत थिओडोसियसच्या नांवें संतानासाठीं प्रार्थना केली होती, म्हणून या एकुलत्या एका मुलास तेंच नांव मिळालें. बाळपणीं फुलपांखरें, व पुढें पाठीवर ठिपके असलेले ढालकिडे गोळा करण्याचा त्यांस नाद लागला. १९१८ सालीं, देशांत यादवी माजलेली असतांना, अशाच एका किड्यावरील त्यांचा पहिला लेख प्रसिद्ध झाला.

१९२७ च्या डिसेंबरांत ते शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला टी. एच. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेंत आले. मायदेशीं परत जाणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. १९३७ सालीं ते अमेरिकेचे नागरिक झाले.

मॉर्गन यांची मंडळी बाटल्यांत वाढविलेल्या माश्यांवर प्रयोग करीत. डॉब्झान्स्की यांस रानांतील माशीची जिज्ञासा होती. माशीच्या अळीच्या लाळग्रंथींत गुणसूत्रें फार मोठीं दिसतात व त्यांवर आडवे पट्टे असतात. ओळींत उभ्या असलेल्या मुलांपैकीं मधल्या पांचसहा जणांस उलट क्रमानें उभें केलें, तर मुलें तींच राहतात, क्रम तेवढा बदलतो. स्यूडोऑब्स्क्युरा नांवाच्या रानमाशीच्या तिसऱ्या गुणसूत्रांत असेच निरनिराळे क्रम डॉब्झान्स्की व त्यांचे सहकारी स्टर्टेव्हंट यांना आढळले. ही माशी कॅनडाच्या पश्चिम भागापासून ग्वाटेमालापर्यंत पसरली आहे. पॅसिफिक किनाऱ्याकडे 'स्टँडर्ड' क्रम पुष्कळ, ॲरिझोनाकडे बहुतेक सर्व 'ॲरोहेड', टेक्सासमध्यें 'पाइक्स पीक' अधिक, असा नकाशाच तयार झाला.

हे फरक माशीच्या हिताहिताशीं संबंध नसलेले असावेत, असें डॉब्झान्स्की यांस प्रथम वाटत होतें. पण सान हासिंटो पर्वतावरील पिन्यन फ्लॅट्स येथें दरमहा माश्या धरून पाहतां कांहीं निराळेंच दिसलें. मार्चमध्यें सुमारें निम्मीं गुणसूत्रें स्टँडर्ड क्रमाचीं असत. जूनपर्यंत तीं एकतृतीयांशाच्या आसपास येत, आणि 'चिरिकाहुआ' क्रम वाढे. पुढें त्यांनीं पिंजऱ्यांत हे दोन क्रम एकत्र ठेविले. २५ अंश उष्णतेंत स्टँडर्ड वाढत जाऊन सुमारें शेंकडा ७० वर स्थिरावला. साडेसोळा अंशांवर मात्र जाणवण्याजोगा बदल झाला नाहीं. नैसर्गिक निवड लाखों वर्षांत नव्हे, तर कांहीं महिन्यांत डोळ्यांनीं पाहतां आली! स्वतःचें छापलेलें मत पुराव्यापुढें बदलणें हें आम्हांस त्या शोधाइतकेंच थोर वाटतें.

त्यांच्या मायदेशांत मात्र १९४८ सालीं आनुवंशिकतेच्या या शास्त्रावर सरकारी बंदी आली. त्यापूर्वींच, १९४६ सालीं, त्या शास्त्राचे वैरी लायसेन्को यांचें पुस्तक डॉब्झान्स्की यांनीं मुद्दाम इंग्रजींत आणिलें होतें. त्यांतील पोकळपणा जगानें स्वतःच पाहावा, हा हेतु.

ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. उत्क्रांति व ईश्वरावरील श्रद्धा यांत विरोध नाहीं, असें त्यांनीं १९७३ सालीं शिक्षकांसाठीं लिहिलेल्या लेखांत प्रतिपादिलें. कित्येक वर्षें रक्ताच्या कर्करोगानें ग्रासलेले असूनहि त्यांचें काम अखेरपर्यंत चालूच होतें. ता. १८ डिसेंबर १९७५ रोजीं कॅलिफोर्नियांत त्यांचा अंत झाला.